सिद्धेशच्या गाडीचं वॅक्स

"लिहून ठेवा! न्यू जर्सीचं मीठ माझ्या गाडीला शिवणार नाही!"

हे वाक्य सिद्धेशने दिवाळीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने आणलेल्या पदार्थांच्या पंगतीत, हातात अर्धी चकली धरून, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात टाकलं. पिस्कॅटवेमधल्या त्यांच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तोवर कोणी हिवाळ्याला असं उघड आव्हान दिलं नव्हतं. तिथे बर्फाची नुसती बातमी आली तरी बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रक रस्त्यावर उतरतात, आणि मार्च उजाडेपर्यंत गावातली प्रत्येक गाडी खारवलेल्या कैरीसारखी दिसायला लागते. शहाणी माणसं 'चालायचंच' म्हणून गप्प बसतात. सिद्धेश गप्प बसणाऱ्यांतला नव्हता!

गाडी नवी होती आणि काळी कुळकुळीत होती. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून लहानाचा मोठा झालेल्या मुलाची ती पहिलीवहिली नवी गाडी. त्यामुळे त्याचं कौतुक समजण्यासारखं आहे, असं सुरुवातीला सगळे म्हणाले. नंतर म्हणेनासे झाले.

मीठ रंगाला लागू नये म्हणून नोव्हेंबरभर दर शनिवारी तो पार्किंगमध्ये गाडीला वॅक्स चोळत असायचा. एक हात झाला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा! गाड्यांच्या कुठल्याशा वेबसाइटवर पडीक राहून त्याने सगळं शास्त्र पाठ केलं होतं. ब्रशवाल्या कार वॉशमध्ये पाऊल टाकायचं नाही, वॅक्स खरवडून निघतं. भांड्याचा साबण गाडीच्या जवळपाससुद्धा आणायचा नाही, वॅक्स धुऊन जातं. आणि अंगावर मीठ उडालं की लगेच, म्हणजे लगेच, पाण्याने उतरवायचं. कॉम्प्लेक्सचा बाहेरचा नळ हिवाळ्यात बंद असतो, म्हणून हा पठ्ठ्या आंघोळीची बादली आणि तांब्या घेऊन दोन जिने उतरायचा. बॉनेटवर चार थेंब शिंपडून बायकोला दाखवायचा. "बघ, बघ! पाणी कसं गोल उभं राहतं!"

"अळवावर पण राहतं," ज्ञानदा म्हणायची. "वर चल, आमटी गार होतेय. आणि बादली जागेवर ठेव!"

पण त्याच दिवाळीत, तितक्याच मोठ्या आवाजात, सिद्धेशने आणखी एक शब्द देऊन ठेवला होता.

त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राजाराम काका राहायचे. काकांनी तीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात इंजिनियर म्हणून काढली होती. आता सत्तरी उलटली होती, डोळे अधू झाले होते, लायसन्स परत देऊन टाकलं होतं. मुलगा अमित कॅलिफोर्नियाला. आणि संध्या काकूंना सप्टेंबरमध्ये पक्षाघाताचा झटका येऊन त्या एडिसनच्या एका नर्सिंग होममध्ये पडून होत्या. बोलणं गेलं होतं. उजवा हात गेला होता. हट्ट तेवढा शाबूत होता! नर्सने चमचा पुढे केला की त्या तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. काकांनी घरून नेलेला मेतकूट-भात, काकांच्या हातून, तेवढाच पोटात जायचा. काका गेले नाहीत तर त्या दिवशी काकू जेवत नसत. इतका साधा हिशोब होता.

"काका, अजिबात काळजी करायची नाही!" सिद्धेश म्हणाला होता. "विंटरभर मी नेतो ना तुम्हाला. रोज!"

काकांचे डोळे भरून आले होते. सिद्धेशचेही थोडेसे. आपल्या चांगुलपणाने माणसाला पटकन गहिवरून येतं.

डिसेंबर कसाबसा निभावला. बर्फ भुरभुरला, मीठ पडलं, सिद्धेश काकांना घेऊन एडिसनला गेला, आला, बादली घेऊन उतरला. शेजारची गोरी बाई खिडकीतून बघायची. थंडीत गाडीला आंघोळ घालणं हा हिंदूंचा काही धार्मिक विधी असावा, अशी तिची समजूत झाली होती, आणि ती आदराने पडदा ओढून घ्यायची.

जानेवारीत मात्र खरं वादळ आलं. शनिवारी दिवसभर बर्फ कोसळला. रविवारी सकाळी ऊन पडलं, पण ते नुसतं दिसण्यापुरतं. सिद्धेशने खिडकीतून पाहिलं. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारलेला होता, तरी रस्ता पांढराफटक होता. ते मीठ होतं. खडेच्या खडे! तेवढ्यात फोन वाजला.

"सिद्धेश, निघायचं ना रे? भात तयार आहे."

पुढचं वाक्य आपण बोलणार आहोत हे सिद्धेशला, देवाशप्पथ, बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"काका, अहो, गाडी स्टार्टच होत नाहीये. बॅटरी गेली बहुतेक."



"अरेरे! थंडीच तशी आहे म्हणा. राहू दे, राहू दे. उद्या बघू. एक दिवस खाईल ती नर्सच्या हातून." मग जरा थांबून, हळूच, "खाईल ना रे?"

"हो काका, खातील ना! भूक लागली की सगळे खातात!"

खोटं बोललं की माणसाला घास उतरत नाही म्हणतात. सिद्धेशने त्या दुपारी दोन वाट्या आमटी जास्त ओरपली. मंगळवारी पाऊस येणार, असं टीव्हीवर सांगत होते. पावसाने रस्ता धुऊन निघेल आणि मग रोज नेऊ की काकांना! एखाद-दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

सोमवारी सुट्टी होती. सकाळी पुन्हा फोन. या वेळी काकांचा आवाज बसलेला होता.

"मी होमला फोन केला होता. कालपासून काही घेतलं नाही तिने. घोटभर पाणी, बस्स. आज काहीही करून जायचं बघ. आणि तू घाबरू नकोस, तुझी बॅटरी मी बघतो. उतरतो खाली!"

"काका, तुम्ही कशाला, बाहेर किती थंडी—"

पण काकांनी फोन ठेवला होता. सिद्धेश वळला तर समोर ज्ञानदा, चेहऱ्यावर मदतीचं तेज!

"मी प्रसादला बोलावलंय. त्याच्याकडे जंपर केबल आहे, त्याच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू होईल. पोचेलच इतक्यात."

प्रसाद युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. त्याच्या गाडीला वॅक्स सोडाच, धड पत्राही उरला नव्हता, पण कोणत्याही थंडीत ती चालू व्हायची. बॅटरी मेलेली आहे असं सांगून ठेवलेलं, आणि ती तर ठणठणीत! 'झाली बुवा चालू, चला काका,' असं अजूनही म्हणता आलं असतं. कोणी विचारलंही नसतं. पण मंगळवारचा पाऊस त्याच्या डोक्यात बसला होता. एकच दिवस आणखी! त्याने पाना खिशात टाकला. सगळ्यांच्या आधी खाली जायचं, बॅटरीची वायर ढिली करायची, की झालं.

खाली जाऊन बघतो तर पहाटे बर्फ काढायला आलेल्या गाडीने जाता जाता त्याच्या गाडीची अख्खी डावी बाजू खारट चिखलाने माखून ठेवली होती.

आता वायर ढिली करायला आलेल्या माणसाने वायर ढिली करावी की नाही? पण सवय वाईट! सिद्धेश तसाच वर धावला, टबमधून कोमट पाण्याची बादली भरली आणि धडाधड गाडीवर ओतली. नंतर दुसरी ओतली. चिखल गेला. आणि पारा शून्याच्या इतका खाली होता की ते पाणी गाडीवरच गोठलं. दारं गोठली, कुलपं गोठली, हँडलं गोठली. बॉनेट उघडायची कळ गाडीच्या आत. गाडी उघडेना. सिद्धेशने दार ओढलं, लाथ मारली, देवाचं नाव घेतलं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या मिठाईसारखी गाडी समोर चकाकत होती आणि हात लावता येत नव्हता!

"अरे बापरे!" मागून काका म्हणाले. माकडटोपी, दोन स्वेटर, वर कोट, आणि कोटाच्या आत पोटाशी भाताचा डबा, गार होऊ नये म्हणून. "ही तर बर्फात चिणली गेली की रे!"

तेवढ्यात प्रसाद धूर काढत आला आणि केबल गळ्यात घालून उतरला. त्याने सगळं पाहिलं आणि सरळ मनाने म्हणाला, "काका, हे निस्तरायला वेळ लागेल यार. तुम्ही बसा माझ्या गाडीत, मी सोडतो ना एडिसनला. मग येऊन बघू याचं."

सिद्धेशच्या जिवात जीव आला. "हो काका! जा, जा तुम्ही! माझं काय, मी करतो माझं माझं. तुम्ही आधी काकूंकडे जा!"

दोन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. त्यानेच घात केला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ प्रसाद, याला म्हणतात माणूस! स्वतःची गाडी अशी पडलीये आणि माझं बघतोय. अरे, दोन-अडीच महिने राबतोय हा माझ्यासाठी. माझ्यामुळेच रोज बाहेर काढून काढून बॅटरी गेली याची. आणि मी याला असा थंडीत टाकून जाऊ? दहा मिनिटांचं काम आहे!"

"काका, खरंच नको—"

"गप्प बस! कारखान्यात तीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

इंजिनियरला एकदा 'दहा मिनिटांचं काम' म्हणू दिलं की पुढे ईश्वरसुद्धा अडवू शकत नाही. जिन्याच्या पायथ्याशी कॉम्प्लेक्सवाल्यांनी पायऱ्यांवर टाकायला मिठाची बादली ठेवलेली असते. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

"काका, मीठ नको!!"

सिद्धेश इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या बाईचा पडदा पुन्हा हलला.

"अरे, घाबरतोस काय? कॉम्प्लेक्सचंच आहे, कोणी काही म्हणत नाही!" असं म्हणून काकांनी अख्खी बादली गाडीवर पालथी केली. टपावर, बॉनेटवर, काचेवर. वर हातमोज्याने सारखं केलं, मायेने, पापडाचं डांगर मळावं तसं!

मीठ का नको, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

इतक्यात ज्ञानदा मोठं पातेलं घेऊन उतरली. पाण्यातून वाफा निघत होत्या आणि वर फेस डोलत होता.

"हे गरम पाणी घ्या. थोडा साबण टाकलाय, म्हणजे बर्फ पटकन सुटेल."

"कुठला साबण?" सिद्धेशने क्षीण आवाजात विचारलं.

"भांड्याचा. का?"

"काही नाही."

"ओत!" काका ओरडले. प्रसादने ओतलं. समोरच्या काचेतून 'टक्' असा आवाज झाला आणि एक बारीक रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ऐटीत चालत गेली. "काच काय, नवी बसते!" काका म्हणाले. "ज्ञानदा, उलथनं आण!"

स्टीलचं, लांब दांड्याचं, डोसे काढायचं उलथनं आलं. काका दारावरचा बर्फ खरवडायला लागले. खर्र! खर्र! बर्फाबरोबर वॅक्सचा तिसरा हात निघाला, दुसरा निघाला, पहिला निघाला, आणि मग रंग निघायला लागला. सिद्धेश बघत राहिला. काकांचे हात थंडीने निळे पडले होते. श्वास लागत होता. तरी थांबेनात. "झालंच! झालंच बघ! ती वाट बघत असेल!"

वर कोणाच्या तरी घरात फोन वाजत होता. बराच वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"कोणाचा तरी फोन वाजतोय," काका म्हणाले आणि खरवडत राहिले.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला, आणि दार उघडलं! काकांनी किल्ली घेतली, आत बसले, देवाचं नाव घेऊन फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. कुरकुर नाही, खोकला नाही, काही नाही. मांजराने घुरघुरावं तशी!

प्रसादने गळ्यातल्या केबलकडे पाहिलं. बॉनेट अजून उघडलंसुद्धा नव्हतं. मग त्याने सिद्धेशकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ज्ञानदाने नजर वळवली नाही.

"पाहिलंत!" काका टाळी वाजवून म्हणाले. "गरम पाण्याने बॅटरीला ऊब मिळाली! मी म्हटलं नव्हतं?"

सिद्धेश चालवायला बसला आणि सगळे त्याच गाडीतून एडिसनला निघाले. रस्त्यावरचं मीठ चाकांखाली कडाकडा वाजत होतं आणि त्याचा आवाज सिद्धेशला पहिल्यांदाच ऐकू येत नव्हता. मागे ज्ञानदा आणि प्रसाद आपापल्या खिडकीबाहेर बघत होते. काका मात्र खुशीत. "काय झकास पळते रे तुझी गाडी! आता दोन दिवसांचा भात एकदम भरवतो तिला. रुसली असेल."

होमच्या दारात शिरताच काउंटरमागची नर्स उठून उभी राहिली. रोज ती बसल्या बसल्या हात करायची.

"वी कॉल्ड यू, सर," ती म्हणाली. "वी कॉल्ड अँड कॉल्ड."

काकू अर्ध्या तासापूर्वी गेल्या होत्या. झोपेत, काही त्रास न होता, असं नर्स म्हणाली. तसंच म्हणतात. खोलीत पडदा ओढलेला होता. काका पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले, जिथे रोज बसायचे तिथेच. मग कोटाची बटणं काढली, आतला डबा बाहेर घेतला आणि त्याला गाल लावून पाहिला.

"सिद्धेश," ते म्हणाले, "भात गरम आहे रे अजून."

सिद्धेश कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकवून ढसाढसा रडला. ज्ञानदा त्याच्याजवळ आली नाही.

फ्युनरल होममध्ये मराठी मंडळी झाडून आली होती. काकांनी प्रत्येकाला तीच गोष्ट सांगितली: पोरगा थंडीत कसा कुडकुडत उभा होता, स्वतःची गाडी सोडून 'आधी काकूंकडे जा' कसा म्हणत होता, आपणच हट्टाने थांबलो, नाहीतर शेवटची भेट झाली असती. "चूक माझी," काका म्हणायचे, "याची नाही. याने फार केलं." बायका डोळ्यांना पदर लावून सिद्धेशकडे पाहायच्या. कॅलिफोर्नियाहून आलेल्या अमितने त्याला घट्ट मिठी मारली. "डॅडनी सांगितलं मला सगळं. थँक यू, मॅन. आय वॉज सपोज्ड टू डू दॅट." सिद्धेश म्हणाला, "इट्स ओके." दुसरं काय म्हणणार? प्रसाद कॉफीच्या टेबलाजवळ उभा होता, तो पेला तसाच ठेवून बाहेर निघून गेला.

गाडी तशीच पार्किंगमध्ये पडून राहिली. ओरखडे, काचेवर ती रेघ, अंगभर मिठाचे पांढरे ओघळ. पाऊस येऊन गेला, पुन्हा बर्फ पडला, पुन्हा मीठ पडलं. सिद्धेश बादली घेऊन उतरला नाही. घरात ज्ञानदा 'जेवायला वाढलंय' आणि 'दूध संपलंय' एवढंच बोलायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऊन जरा बरं होतं. सिद्धेश खाली गेला तर गाडीपाशी काका उभे! टपावर वॅक्सचा नवाकोरा डबा, हातात कापडाची पिशवी.

"ये, ये! तुलाच बोलावणार होतो. ज्ञानदाकडून कळलं मला, तू केवढी मेहनत करून या गाडीला मेण लावलं होतंस. आणि मी मीठ ओतलं! उलथनं चालवलं! तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस रे." काकांनी पिशवीत हात घातला. "दुकानातला माणूस म्हणाला, मऊ सुती कापड लागतं. म्हटलं, आहे माझ्याकडे."

त्यांनी बाहेर काढली ती काकूंची साडी होती. रोजची, घरात नेसायची, फिकट निळी, बारीक काठाची. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. काकांनी तिची नीट घडी केली, वॅक्समध्ये टेकवली आणि वाकून बॉनेटवर चोळायला लागले. हळूहळू, गोल गोल, अधू डोळ्यांनी जवळून बघत.

बॅटरीला काहीच झालं नव्हतं, काका. रविवारीही नव्हतं, सोमवारीही नव्हतं. सगळी वाक्यं जिभेवर येऊन उभी राहिली होती. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. वर खिडकीत ज्ञानदा उभी होती, तीही वाट बघत होती.

"काका..."

"काय रे?" काकांनी वर पाहिलं.

सिद्धेशने तोंड उघडलं.

"गोल नका फिरवू," तो म्हणाला. "डाग राहतात. सरळ रेषेत घासा."

"बरं," काका म्हणाले आणि साडीची घडी बदलून सरळ रेषेत घासू लागले.